खिडकी बंद केली तरी प्रोग्राम सुटत नाही: सीरियल पोर्टवर अडकलेलं वाचन रद्द करताना

तुमच्या प्रश्नात दुखणी दोन आहेत, आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध शोधताय.

आधी प्रश्न नीट मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. छावणी मंडीजवळच्या धर्मकाट्यावर विंडोजमध्ये तुमचा प्रोग्राम चालतो. इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून) सीरियल पोर्टवर वजन येतं आणि ते वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा धागा) आहे, ओव्हरलॅप्ड पद्धतीचा, म्हणजे वाचन आधी सुरू करायचं आणि निकाल नंतर घ्यायचा. खिडकी बंद करताना तुम्ही मुख्य थ्रेडमधून कॅन्सल-आयओ (सुरू असलेलं वाचन-लेखन रद्द करायचं विंडोजचं फंक्शन) बोलावता, पुढच्याच ओळीत ओव्हरलॅप्ड स्ट्रक्चर (वाचनाचा निकाल जिथे येतो ती जागा) आणि बफर (बाइट जिथे येतात ती जागा) डिलीट करता आणि मग वाचणारा थ्रेड संपायची वाट बघता. इंडिकेटर बंद असला की प्रोग्राम लटकतो. चालू असला की अधूनमधून क्रॅश होतो, तोही सेटिंग्ज लिहिण्याच्या कोडमध्ये, जिथे काहीच चुकलेलं दिसत नाही.

लटकण्याचं कारण सोपं आहे. कॅन्सल-आयओ ज्या थ्रेडमधून बोलावाल, त्याच थ्रेडने त्या हँडलवर (उघडलेल्या पोर्टच्या ओळखक्रमांकावर) सुरू केलेली कामं रद्द करतं. तुमच्या मुख्य थ्रेडने त्या पोर्टवर काहीच सुरू केलेलं नाही. रद्द करायला काही नाही, तरी पठ्ठ्या ‘यशस्वी’ म्हणून परत येतो, आणि तेच यश तुमच्या लॉगमध्ये उमटलंय. वाचन आहे तिथेच आहे. इंडिकेटर बंद, म्हणजे बाइट येणार नाही, वाचन संपणार नाही, थ्रेडही संपणार नाही.

विंडोज व्हिस्टापासून कॅन्सल-आयओ-ईएक्स आलं. ते प्रोसेसमधल्या कुठल्याही थ्रेडने सुरू केलेलं काम रद्द करायला सांगू शकतं. त्याच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये ओव्हरलॅप्डचा पॉइंटर दिला तर तेवढंच काम, नल दिला तर त्या हँडलवरची सगळी. पण भिया, नाव बदलून तुमचं अर्धंच काम होईल. काट्यावरचा संगणक एक्सपीचा असेल (आपल्याकडे अजून सापडतात) तर तेवढंही नाही, कारण एक्सपीत हे फंक्शनच नाही.

आता क्रॅशचं, आणि खरी गोष्ट इथे आहे. रद्द करा म्हणणं ही विनंती आहे. फंक्शन परत आलं म्हणजे काम थांबलं, असं धरून चालता येत नाही. कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) तुमच्या वाचनाची एक आयआरपी, म्हणजे कामाची नोंद, असते. तिच्यावर रद्दची खूण होते, ड्रायव्हरने (पोर्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) रद्द करण्याचं रूटीन लावलेलं असेल तर ते बोलावलं जातं, आणि मग ड्रायव्हर ती आयआरपी ‘पूर्ण’ करतो. रद्द झालेलं कामही पूर्णच व्हावं लागतं, फक्त निकाल वेगळा लागतो. तो निकाल कर्नल तुमच्या ओव्हरलॅप्ड स्ट्रक्चरमध्ये लिहितो आणि आलेले बाइट तुमच्या बफरमध्ये टाकतो. तोवर या दोन्ही जागा तुमच्या नाहीत.

तुम्ही त्या आधीच मोकळ्या केल्या. ओव्हरलॅप्ड म्हणजे ३२-बिटमध्ये २० बाइट, ६४-बिटमध्ये ३२. हीप (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा साठा) तो तुकडा पुढच्या मागणाऱ्याला देऊन टाकतो, सेटिंग्जच्या एखाद्या स्ट्रिंगला म्हणा. इंडिकेटर चालू असल्यामुळे काही मिलिसेकंदांत पुढचं वजन येतं, वाचन आपोआप पूर्ण होतं आणि कर्नल जुन्या पत्त्यावर निकाल लिहून मोकळा होतो. मोडते ती सेटिंग्जची स्ट्रिंग. डीबगरमध्ये गुन्हेगार दिसत नाही, कारण लिहिणारा तुमचा कोड नाहीच.

म्हणून क्रम असा ठेवा: रद्द करायला सांगा, मग गेट-ओव्हरलॅप्ड-रिझल्ट (कामाचा निकाल आणून देणारं फंक्शन) ‘थांब’ सांगून बोलावा, ते परत आल्यावरच मेमरी सोडा. एरर क्रमांक ९९५ आला तर काम रद्द झालं. दुसराच एरर आला, समजा यूएसबीची वायर कुणी उपटली, तरी काम संपलंच. आणि यश आलं तर? रद्दचा निरोप पोचायच्या आत वजन येऊन पडलं, असा त्याचा अर्थ. ते वजन खरं आहे. ट्रक प्लॅटफॉर्मवर उभा असताना कुणी खिडकी बंद केली असेल तर तो आकडा फेकू नका, नोंदवून घ्या.

कॅन्सल-आयओ-ईएक्सने एरर ११६८ दिला तर घाबरू नका, रद्द करण्यासारखं काही सापडलं नाही एवढंच. बहुधा काम आधीच पूर्ण झालेलं असतं. निकाल मात्र तरीही गोळा करायचा.

खाली एका सदस्याने ‘सरळ हँडल बंद करा’ असं सुचवलंय. नका करू. हँडल बंद झालं म्हणजे बफर मोकळा झाला असं नाही. शिवाय तोच हँडल-क्रमांक दुसऱ्या थ्रेडने उघडलेल्या फाइलला मिळू शकतो, आणि वाचणारा थ्रेड भलत्याच फाइलवर जाऊन बसतो.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात स्वच्छ मांडणी वेगळीच आहे. मुख्य थ्रेडने पोर्टला हातच लावू नये. ‘थांबा’ नावाचा एक इव्हेंट (थ्रेडला खूण पोचवणारी विंडोजची सोय) करा. वाचणारा थ्रेड वेट-फॉर-मल्टिपल-ऑब्जेक्ट्सने दोन इव्हेंटांवर बसेल: वाचन झालं आणि थांबा. थांबा आला की तो स्वतःच कॅन्सल-आयओ बोलावेल, स्वतःच निकालाची वाट बघेल, स्वतःच मेमरी सोडेल. सुरू करणाराच रद्द करतोय, त्यामुळे हे एक्सपीवरही चालतं. ओव्हरलॅप्डमधला इव्हेंट मॅन्युअल-रिसेटच (स्वतः उतरवेपर्यंत खूण लागलेलीच राहणारा) घ्या. जोडीला सेट-कॉम-टाइमआउट्सने वाचनाला अर्ध्या सेकंदाची मर्यादा घातली तर इंडिकेटर बंद असतानाही वाचन आपणहून परत येईल, आणि रद्द करायची वेळच क्वचित येईल.

यातून सुटत नाही ती एकच गोष्ट, ड्रायव्हर. रद्दची खूण बघायची की नाही हे शेवटी त्याच्या हातात. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरचा ड्रायव्हर कच्चा असेल तर निकाल येतच नाही आणि एंड टास्क करूनही प्रोसेस यादीत चिकटून राहते. तिथे तुमचा कोड काही करू शकत नाही, कन्व्हर्टर बदलावा लागतो.

लिनक्सचं कुणीतरी विचारलंय. तिथेही मामला हाच. एआयओ-कॅन्सल (तिथलं रद्द करायचं फंक्शन) तीनपैकी एक सांगतं: रद्द झालं, रद्द करता आलं नाही, किंवा आधीच झालं होतं. जीलिबसीत (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत) हे सगळं थ्रेड वापरून केलेलं आहे, त्यामुळे सुरू झालेलं काम सहसा रद्द होत नाही. आयओ-युरिंग (वाचन-लेखनाची लिनक्सची नवी पद्धत) २०१९ मध्ये कर्नल ५.१ सोबत आलं आणि त्यात रद्द करण्याची सोय ५.५ पासून आहे. रद्दची विनंती आणि मूळ काम, दोन्हींचे निकाल वेगवेगळे येतात. बफर सोडायचा तो मूळ कामाचा निकाल हातात आल्यावर.

मांडणी बदलल्यावर इंडिकेटर चालू, बंद आणि मध्येच वायर काढून, अशा तिन्ही प्रकारे तपासा. बंद असतानाही लटकलं तर कन्व्हर्टरमध्ये कुठली चिप आहे ते इथे लिहा.