बटाटा लावण्यापूर्वी कुंडीत पाहून घ्या

प्रश्न : आमची सांवेरजवळ आठ बिघे काळी जमीन आहे. गेली सहा वर्षे दर पावसाळ्यात सोयाबीनमध्ये आम्ही इमॅझेथापायर हे तणनाशक फवारतो. मागच्या रब्बीत त्याच शेतात लावलेल्या बटाट्याची कोवळी पाने पिवळी पडून आकसली आणि वाढ खुंटली. विहिरीजवळ फवारणीचा पंप भरतो व धुतो, तिथे तर गवतही उगवत नाही. दुकानदार तणनाशक खाणाऱ्या जिवाणूंची बाटली घ्या म्हणतात. घ्यावी का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बाटली तूर्त घेऊ नका. इमॅझेथापायर जमिनीत मुख्यतः सूक्ष्मजीवांमुळेच विघटित होते हे खरे; परंतु ते काम करणारे जीव तुमच्या मातीत आधीपासूनच आहेत, आणि त्यांना ओल, ऊब व सेंद्रिय खाद्य मिळाले नाही, तर बाहेरून आणून सोडलेले जिवाणूही तिथे फार काळ टिकत नाहीत. शिवाय जिवाणूंची भूक ठरावीक असते. मिनेसोटातील संशोधकांनी १९९५ मध्ये स्यूडोमोनास एडीपी या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. तो ॲट्राझिन या तणनाशकातून आपला नत्र मिळवतो, पण म्हणून तो इमॅझेथापायरलाही हात लावील असे नाही. बाटलीवर कोणता जिवाणू, कोणत्या तणनाशकासाठी, हे लिहिलेले नसेल, तर तिच्यावर पैसे घालवणे व्यर्थ आहे.

पावसाळ्यात हे विघटन चांगले चालते. सोयाबीन निघेपर्यंत जमीन सुकते, पुढे थंडी पडते, आणि ते मंदावते. गव्हाला उरलेला अंश सहसा बाधत नाही, बटाट्याला मात्र बाधतो. अमेरिकेतील लेबलांवर या तणनाशकानंतर बटाट्यासाठी २६ महिने थांबण्याची सूचना असते. तरीही पाने आकसण्याचे कारण विषाणूरोगही असू शकतो, म्हणून आधी खात्री करून घ्या.

त्यासाठी शेतातून पाच-सहा ठिकाणची १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून ती तीन कुंड्यांत भरा, आणि जिथे कधीच फवारणी झालेली नाही अशा बांधावरची माती दुसऱ्या तीन कुंड्यांत घ्या. सगळ्यांत मोहरी पेरून सारखेच पाणी द्या. तीन आठवड्यांनी रोपे अलगद उपटून मुळे धुवून शेजारी शेजारी ठेवा. शेतातल्या रोपांची मुळे आखूड आणि कोवळी पाने पिवळी दिसली, तर यंदा बटाटा लावू नका, गहू घ्या. पुढच्या खरिपात तणनाशक बदला किंवा डवरणी करा, चांगले कुजलेले शेणखत घाला आणि जमीन वाफशावर ठेवा. पाणी साचून राहिले, तर हवेवर जगणारे सूक्ष्मजीव गुदमरतात.

विहिरीजवळच्या जागेची मला बटाट्यापेक्षा अधिक काळजी वाटते. माळव्यातील काळी माती बहुधा अल्कधर्मी असते, आणि अशा मातीत हे तणनाशक कणांना सैल चिकटते व पाण्याबरोबर सरकते. पंप धुणे आजपासून तिथे बंद करा आणि त्या विहिरीचे पाणी तपासून घेईपर्यंत पिऊ नका. धुण्यासाठी विहिरीपासून दूर, उंचावर एक खड्डा करावा. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेल्या पद्धतीत तळाशी १० सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर ५० सेंटिमीटर मिश्रण (दोन भाग काड, एक भाग माती, एक भाग पीट म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि वर गवत असते. पीटऐवजी आपल्याकडे कंपोस्ट चालेल आणि काड म्हणून गव्हाचे घ्यावे. काडावर वाढणाऱ्या बुरश्या लाकडातील लिग्निन फोडणारी जी विकरे सोडतात, तीच अनेक कीडनाशकांचे रेणूही मोडतात. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून वर पत्रा टाका, आणि गवत मधूनमधून पाहत जा. जिथे ते करपेल, तिथे त्या खड्ड्याला झेपेल त्याहून अधिक औषध सांडले आहे.