मुंबई ते दिल्ली विमानाने अंतर किती? ताशी ८५० किमीने उडणाऱ्या विमानाला सव्वा दोन तास का लागतात? सकाळी नऊच्या विमानाने बाराला कनॉट प्लेस गाठता येईल का?

तुमचा हिशेब चुकलेला नाही. सरळ रेषेत अंतर साधारण १,१५० किमी आहे आणि भागाकार केला तर दीड तासही भरत नाही. पण तिकिटावर छापतात तो नुसता उडण्याचा वेळ नसतो. विमान जागेवरून मागे ढकलायला लागल्यापासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो.

मी एकदा खिडकीशी बसून घड्याळ लावलं होतं. ६:१० ला विमान हललं आणि चाकं जमिनीवरून सुटली ६:३४ ला. मधली चोवीस मिनिटं पुढच्या विमानांच्या शेपट्या मोजण्यात गेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरणारे आणि उडणारे, सगळे त्याच रांगेत. बरं, उडाल्यावरही तोंड दिल्लीकडे नाहीच. खाली जुहूचा किनारा सरकतो, मग समुद्र, आणि तेव्हा कुठे विमान उजवीकडे वळतं. त्यामुळे १,१५० हा आकडा नकाशावरचा. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून लांबच पडतं. त्यातच वर चढताना आणि खाली येताना वेग ८५० च्या बराच खाली असतो. त्या दिवशी दिल्लीत चाकं टेकली ८:१२ ला आणि विमान उभं राहिलं ८:२४ ला. म्हणजे एकूण दोन तास चौदा मिनिटं, त्यातली हवेत अठ्ठ्याण्णव.

घरबसल्या अंदाज बांधायचा असेल तर मी अंतराला ८०० ने भागतो आणि वर पाऊण तास धरतो. देशातल्या मोठ्या शहरांपुरतं हे बऱ्यापैकी जुळतं.

वाऱ्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. दिल्ली मुंबईच्या जवळपास उत्तरेला असल्याने या मार्गावर फरक थोडाच पडतो. मुंबई-कोलकाता बघा, तिथे परतताना वारा समोरून येतो आणि जाण्यापेक्षा येण्याला जास्त वेळ लागतो.

आता तुमचं बाराचं काम. नऊचं विमान सव्वाअकराला पोचेल, बॅग चेक-इन केली असेल तर पट्ट्यापाशी आणखी वीस मिनिटं, आणि त्यानंतर दिल्लीचं ट्रॅफिक. नका करू हे धाडस. सातचं घ्या, आणि शहरात जायला एअरपोर्ट मेट्रो धरा. ती नवी दिल्ली स्टेशनपर्यंत जाते आणि तिथून कनॉट प्लेस अगदी जवळ. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर मात्र सकाळच्या विमानावर विसंबूच नका, धुक्यात सगळं वेळापत्रक कोलमडतं. राजधानी पर्याय आहे, १,३८४ किमी, संध्याकाळी पाचला मुंबई सेंट्रलहून निघून सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्ली, पण धुक्यात तीही रखडते. मी असतो तर आदल्या दिवशी दुपारीच निघालो असतो.