कावीळ, डुकरे आणि विहिरीचे पाणी

प्रश्न : आमच्याकडे सुमारे चाळीस डुकरे आहेत आणि त्यांचे सगळे काम घरातलीच माणसे करतात. महिन्यापूर्वी माझ्या धाकट्या दिरांना कावीळ झाली व रक्ततपासणीत ‘हिपॅटायटिस ई’ निघाला. तेव्हापासून शेजारी डुकरे विकून टाकण्याचा सल्ला देत आहेत. आमचे एकही डुक्कर आजारी नाही. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला धोका आहे का? डुकरे विकावीत का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. डुकरे विकू नका, निदान या कारणासाठी तरी नको. मात्र ती आजारी दिसत नाहीत यावर विसंबूनही राहू नका, कारण ‘हिपॅटायटिस ई’ हा यकृताला सूज आणणारा विषाणू डुकराला आजारी पाडतच नाही. आईकडून मिळालेले संरक्षण ओसरले की साधारण दोन ते चार महिन्यांच्या वयात पिलांना त्याची लागण होते. पुढे काही आठवडे त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो आणि त्या काळात त्यांच्या खाण्यात, चालण्यात किंवा वाढीत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. डुकरांमधला हा विषाणू 1997 साली प्रथम ओळखला गेला आणि त्यानंतर अनेक देशांतल्या कळपांत सापडला. त्यामुळे आजारी जनावर वेगळे बांधण्याचा, एरवी शहाणपणाचा असलेला उपाय येथे उपयोगी पडत नाही. विषाणू आपल्या शेडमध्ये आहेच असे धरून वागावे.

दिरांना लागण डुकरांकडूनच झाली का, हे नेहमीच्या रक्ततपासणीवरून ठरत नाही. संसर्ग अलीकडचा आहे एवढेच ती सांगते. या विषाणूच्या माणसांत आढळणाऱ्या मुख्य प्रकारांपैकी पहिला व दुसरा फक्त माणसांत राहतो आणि माणसाच्या मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. तिसरा व चौथा डुकरांत आणि रानडुकरांत राहतो व तेथून अधूनमधून माणसाकडे येतो. वराहपालक, पशुवैद्यक आणि कत्तलखान्यातले कामगार यांच्या रक्तात पूर्वी लागण होऊन गेल्याच्या खुणा इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सापडतात; पण त्यांतल्या बहुतेकांना कावीळ झाल्याचे आठवतही नाही. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, त्यामुळे मागच्या आठवड्यात कोणी काय खाल्ले याचा तपास करण्यात अर्थ नसतो.

सुनेच्या बाबतीत विषाणूच्या प्रकारांतला हाच फरक महत्त्वाचा आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार घातक ठरतो आणि अशा वेळी लागण झालेल्या स्त्रियांपैकी 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा अनुभव प्रामुख्याने माणसांतल्या पहिल्या प्रकाराचा आहे. डुकरांकडून येणाऱ्या प्रकारांत मातांचे असे मृत्यू दिसून आलेले नाहीत. दिल्लीत 1955-56 साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली, ती याच विषाणूची होती हे बऱ्याच वर्षांनी कळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पश्चिम भारतातल्या रुग्णांत पहिला आणि तिथल्या डुकरांत चौथा प्रकार आढळला होता. म्हणून शेजाऱ्यांचे बोट शेडकडे असले, तरी मी आपल्या घरी आले असते तर आधी शौचालयाचा खड्डा आणि विहीर यांच्यातले अंतर पाहिले असते, आणि मग शेडकडे वळले असते. (डुकराला दोष देणे सोपे असते, खड्डा उपसणे कठीण.)

शेडही निर्दोष नाही. धुतलेले पाणी उताराने कुठे जाते, हे एकदा पावसात उभे राहून पाहा. ते विहिरीच्या किंवा बोअरच्या दिशेने जात असेल, तर चर खणून ते वळवणे हे पहिले काम. दुसरे काम गमबुटांचे. तळव्याच्या खाचांत विष्ठा घट्ट बसलेली असते, आणि दिवसाअखेर ते बूट विहिरीच्या काठावर, त्याच बादलीने धुतले जातात. बूट शेडच्या दारात काढावेत, तिथेच धुवावेत आणि ते घराच्या उंबऱ्याशी येऊ नयेत. कोरडी विष्ठा आधी फावड्याने उचलून मगच पाणी मारावे, म्हणजे शिंतोडे तोंडावर उडत नाहीत. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावेत. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू दाद देत नाही.

सुनेला बाळंतपण होईपर्यंत शेडच्या कामातून पूर्ण मोकळीक द्या आणि उकळलेलेच पाणी प्यायला द्या. दिरांचे शौचालय काही आठवडे वेगळे ठेवता आले तर ठेवा, आणि त्यांनी सध्या स्वयंपाकाला हात लावू नये. सुनेला मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा जाणवला, तर काविळीचे घरगुती औषध देत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. गुंगी येणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा रक्तस्राव होणे ही यकृत हार मानत असल्याची लक्षणे आहेत आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : मी डुकरे कापून मांस विकतो. ‘हिपॅटायटिस बी’च्या लसीची एक मात्रा घेतली आहे. आता डुकराच्या काविळीची भीती नाही ना? काही गिऱ्हाइके कलेजी अर्धकच्चीच चांगली लागते म्हणतात. त्यांना काय सांगू?
– एक वाचक

उत्तर : नावात साम्य असले तरी बी आणि ई हे परस्परांशी संबंध नसलेले दोन विषाणू आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला रोखत नाही. ‘ई’विरुद्धची लस चीनमध्ये 2011 साली मंजूर झाली आणि 2022 साली दक्षिण सुदानमधल्या साथीत ती वापरलीही गेली, पण ती सर्वत्र मिळत नाही. तेव्हा आपले संरक्षण हातमोजे, आतडी फाटू न देता बाहेर काढण्याचे कसब आणि कलेजीची सुरी व फळी निराळी ठेवणे यांतच आहे.

विषाणू यकृतातच वाढतो, म्हणून कलेजीचा प्रश्न उरलेल्या मांसापेक्षा गंभीर आहे. प्रयोगांत यकृत घातलेल्या पदार्थातला विषाणू पूर्ण निष्प्रभ व्हायला आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस उष्णता 20 मिनिटे द्यावी लागली. जाड तुकडा तव्यावर बाहेरून तपकिरी होतो तेव्हा तो मधोमध कापून पाहिल्यास आत गुलाबी ओल दिसते. तो शिजलेला नसतो. नुसते धुरावणे किंवा खारवणे यांचाही भरवसा नाही. जपानने तर 2015 साली कच्चे खाण्यासाठी डुकराचे मांस व यकृत विकण्यावर बंदी घातली. गिऱ्हाइकाला पातळ काप करून द्या आणि रस्सा रटरटत ठेवून शिजवायला सांगा.

राहिली गोष्ट ‘बी’च्या लसीची. ती डुकरांकडून येणाऱ्या काविळीवर निरुपयोगी असली तरी तुमच्यासाठी नाही, कारण ‘बी’ माणसाच्या रक्तातून पसरतो आणि एकच सुरी अनेकांच्या हातांत फिरते तिथे बोटे कापली जातातच. उरलेल्या मात्रा डॉक्टरांना विचारून पूर्ण करा.