मॉडेल शीट एकच, तरी दोन स्टुडिओंची नायिका वेगळी का दिसते?

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुमच्या ॲनिमेशन मालिकेचे भाग दोन स्टुडिओंत वाटलेत, मॉडेल शीट (पात्र कसं दिसायला हवं ते दाखवणारा नमुना-कागद) एकच, तरी एकाकडून आलेल्या भागांत नायिका पाण्यात चालल्यासारखी चालते. हेच दुखणं मी भोगलंय.

मॉडेल शीट सुधारत बसू नका, असं माझं ठाम मत आहे. शीटवर पात्र नुसतं उभं असतं, स्टाइल कळते ती ते हलायला लागल्यावर. १९९२ ची 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' बघा. ब्रूस टिमची डिझाइन्स आणि काळ्या कागदावर रंगवलेल्या पार्श्वभूमी ही त्या मालिकेची ओळख. त्यात 'फीट ऑफ क्ले' ही दोन भागांची कथा आहे. पहिला भाग कोरियाच्या एकॉमने केला, दुसरा जपानच्या टीएमएसने. लागोपाठ बघा. दुसऱ्यात चिखलाच्या अंगाचा खलनायक क्लेफेस रूपं बदलतो तेव्हा चिखलाला वजन जाणवतं, दोन मुख्य पोझेसच्या मधली चित्रंसुद्धा भरीव वाटतात. टॉम आणि जेरीचंही तेच. १९६१-६२ मध्ये प्रागला जीन डाइचच्या चमूने १३ कार्टून्स केली. पात्रं तीच, पण हालचाल तुटक आणि बजेट तुटपुंजं.

आमचं खरं नुकसान केलं ते आम्ही आणि ॲनिमेशन करणारा स्टुडिओ यांच्या मधल्या प्रॉडक्शन ऑफिसने. नाव घेत नाही. आम्ही फ्रेम नंबर घालून शेरे द्यायचो: इथे टूज (एक चित्र दोन फ्रेम) सोडून वन्सवर (दर फ्रेमला नवं चित्र) जा, उडीआधी अँटिसिपेशन (अंग आखडून घेण्याची तयारी) वाढवा. हे ऑफिस त्याची एक ओळ करून पुढे धाडायचं, 'अजून जिवंत करा'. आमच्या एक्स-शीट (कोणतं चित्र कोणत्या फ्रेमला, ते लिहिलेले तक्ते) तर त्यांनी गोपनीय म्हणून दाबूनच ठेवल्या. समोरचे ॲनिमेटर अंदाजाने काढत राहिले, रिटेकवर रिटेक झाले आणि पैसे कापले गेले आमच्या बिलातून. चांगल्या हाताची माणसं यात नालायक ठरली, याची चीड आजही येते.

म्हणून समोरच्या ॲनिमेशन डायरेक्टरशी थेट बोलता येईल, हे करारातच लिहून घ्या (शब्दरचना वकिलाकडून तपासून घ्या, मी त्यातला नाही). लेआउट (सीनची मांडणी) आणि की पोझेस (हालचालीतली मुख्य चित्रं) शक्यतो स्वतःकडे ठेवा. सोबत पूर्ण झालेला एक सीन त्याच्या एक्स-शीटसकट पाठवा, वीस पानी स्टाइल गाइडपेक्षा तो जास्त बोलतो. माझा अनुभव हाताने काढलेल्या टूडीचा आहे. तुमचं काम कटआउट रिगवर (तयार सुट्या अवयवांची डिजिटल बाहुली हलवून) असेल तर चेहरा फारसा बिघडणार नाही, टायमिंग मात्र तरीही बिघडेल.

आणि भाग क्रमाने वाटू नका. ज्या स्टुडिओचा हात मारामारीत चांगला, त्याला ते भाग द्या, संवादाचे दुसऱ्याला.