वाचकांचे प्रश्न: हवाईयन गिटारचे नॉब कुठे बसवू?

प्रश्न : सागवानाच्या फळीतून सहा तारांची लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार, घरीच बनवतोय. तारांची कंपनं पकडणारा, एकाच वेटोळ्याचा (सिंगल कॉइल) पिकअप बसवलाय. व्हॉल्यूम, टोन आणि जॅक कुठे घ्यावेत?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : भोकं पाडण्याआधी गिटार मांडीवर घ्या, डाव्या हातात तारांवरून सरकवायचा धातूचा बार धरा आणि एखादं संथ गाणं खरंच वाजवा. अंगठा जाड तारांवर, म्हणजे पोटाच्या बाजूला असतो आणि करंगळी पलीकडे, बारीक तारांच्या बाजूला मोकळी राहते. व्हॉल्यूमची जागा तिथेच. तार छेडताना आवाज बंद ठेवून लगेच करंगळीने उघडला, की सूर सारंगीसारखा उमलतो. या वाद्याचा जीवच त्यात आहे, म्हणून इथे तडजोड नको. पुठ्ठ्याचे गोल तुकडे चिकटवून जागा पारखा. करंगळी ताणावी लागली तर नॉब जवळ आणा, पण छेडताना तळहात त्याला लागता कामा नये.

टोन त्याच्या उजवीकडे, जरा लांब चालेल.

लॅमिंग्टन रोडवर दोन्हींसाठी २५० किलोओमचे पॉट (नॉबखाली बसणारे, फिरवून कमी-जास्त करायचे रोधक) आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळेल. व्हॉल्यूमचा पॉट ‘लॉग’, म्हणजे कानाला आवाज एकसारखा वाढत जाणारा, असाच मागा आणि दुकानातच फिरवून बघा. जड फिरणारा घेऊ नका, करंगळीत जोर कमी असतो.

जॅक पलीकडच्या कडेला घ्या. अलीकडे घेतला तर प्लग पोटाला टोचतो. ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, धातूचा असेल तर त्यापासून ग्राउंडची वायर जरूर जोडा, गुणगुण बरीच कमी होते.