दिवाळीला न आलेला पाहुणा

मावशी,

मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळ राहते. फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे कोर्टाने तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवलेल्या मुलांची बाजू कोर्टात मांडायला इथे स्वयंसेवक नेमतात, गार्डियन ॲड लायटम म्हणतात त्यांना. ते काम मी बरीच वर्षं करते. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आली. कागदावर मुलगी. दुसऱ्याच भेटीत त्याने सांगितलं की तो मुलगा आहे, आणि नावही सांगितलं. मला सवय व्हायला वर्ष लागलं, पण झाली.

अठराव्या वर्षी केस बंद झाली तरी आमचं बोलणं चालू राहिलं. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्याचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून देत. तसली एक पिशवी तो घडी करून खिशात ठेवायचा आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, बैठकीत उभा राहिला की टेबलावर पसरायचा. म्हणायचा, "माझी सुटकेस." लहान मुलांना फॉर्म भरून द्यायचा, त्यांच्यासाठी भांडायचा. मला 'काकू' म्हणायचा.

मागच्या दिवाळीत त्याने विचारलं, "काकू, मी येऊ?" सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना काय वाटेल म्हणून मी म्हटलं, यंदा गडबड आहे, पुढच्या वर्षी बघू. जानेवारीत त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तो विसाचा होता. जन्माच्या घरच्यांनी अंत्यविधी केले आणि दगडावर जुनं नाव कोरलं.

बोलावलं असतं तर तो आज असता का? मला त्याच्यासाठी काहीतरी करायचंय. नवरा म्हणतो, "आपला काय संबंध? मंडळात उगाच चर्चा नको." अजून एक. माझा स्टीलचा डबा त्याच्याकडे होता. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मीच त्याला शिकवलेलं. डिसेंबरात त्याने तो पॉपकॉर्नचं पाकीट घालून परत केला. तो ओट्यावर तसाच आहे. उघडवत नाही.

– एक काकू

---

प्रिय काकू,

तुम्ही हाताने लिहून फोटो पाठवलात ते बरं केलंत. टाइप केलं असतंत तर तीन ठिकाणी 'आली' खोडून वर 'आला' लिहिलेलं मला दिसलं नसतं. इंग्रजीत नाव बदललं की बरंच काही निभावून जातं. आपल्या भाषेत माणूस नुसता जेवला तरी क्रियापद विचारतं, जेवला की जेवली. ती खाडाखोड पाहून मला कळलं की सहा वर्षं तुम्ही काय शिकत होतात.

आधी दिवाळीचं बोलू, बाकीचं सगळं त्याच्या मागे अडकलंय.

बोलावलं असतं तर तो असता का, याचं उत्तर कोणाकडेच नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे हो किंवा नाही म्हणेल त्याचं ऐकू नका. आत्महत्येमागे एकच एक कारण नसतं. बऱ्याच गोष्टी एकावर एक साचत जातात, त्यातल्या काही बाहेरच्या माणसाला दिसतही नाहीत. फराळाचं एक ताट कोणाचा जीव घेत नाही. एका ताटाने जीव वाचलाच असता असंही म्हणता येत नाही. सगळं माझ्यामुळे झालं, असं मानण्यात दुःख असतं तसा थोडा हिशेबही असतो. निदान कोणीतरी गुन्हेगार सापडतो, मग ते आपणच का असेना. तो हिशेब सोडा.

पण तुम्ही नाही म्हणालात हे खरंच आहे, आणि त्याला वाईट वाटलं असणार हेही. त्यावर मी साखर पेरणार नाही. एक विचारते. सासूबाईंना विचारलं होतंत का? पत्रात कुठे तसं दिसत नाही. सासूबाईंना काय वाटेल, हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचं आहे. मीही वापरलंय, सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली तरी वापरलंय. पुण्याची बाई म्हणजे दार लावणारच, हे तुम्हीच ठरवून मोकळ्या झालात. पुढच्या फोनवर त्यांना त्याच्याबद्दल सांगा. सगळं सांगा, दिवाळीचंही. त्या काय म्हणतील ते म्हणोत, पण ते त्यांच्या तोंडून येऊ दे.

आता तुमच्याच शहरातल्या एका मुलाबद्दल. तुम्हाला कदाचित माहीत असेल, आपल्या वाचकांना नसेल. ब्लेक ब्रॉकिंग्टन. काळा, ट्रान्स मुलगा, म्हणजे तुमच्या मुलासारखाच, कागदावर मुलगी. घरच्यांना तो मुलगा आहे हे पचत नव्हतं, म्हणून फॉस्टर घरात राहायचा. 2014च्या फेब्रुवारीत ईस्ट मेक्लेनबर्ग हायस्कूलचा होमकमिंग किंग, म्हणजे शाळेच्या वार्षिक सोहळ्यातला राजा झाला. हा मान उघडपणे ट्रान्स असलेल्या मुलाला मिळण्याची नॉर्थ कॅरोलायनातली ती पहिली वेळ. बातम्या झाल्या, आणि मग ऑनलाइन शिव्यांचा पाऊस पडला. किंग झाल्यानंतरचे ते दिवस सगळ्यात जड गेले, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. नंतर तो शार्लटच्या विद्यापीठात गेला, संगीत शिकवायचं होतं त्याला. मोर्च्यांत पुढे असायचा, धाकट्या ट्रान्स मुलांना सांभाळायचा. 23 मार्च 2015 रोजी त्यानेही स्वतःचं आयुष्य संपवलं. वय 18.

हे सांगते कारण लोक ब्लेकला कसे आठवतात ते मला खटकतं. मुकुट आठवतो आणि मृत्यू आठवतो. तो मुकुट कसा मिळाला ते मात्र विसरतात. त्या शाळेत राजा ठरायचा तो सगळ्यात जास्त निधी जमवणारा, आणि पैसा जायचा दक्षिण सुदानमधल्या शाळांसाठी. म्हणजे ज्याला स्वतःला हक्काचं घर नव्हतं, तो पोरगा दुसऱ्या खंडातल्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवत होता. मला त्याचं हे रूप जास्त जवळचं वाटतं. फोटोतला मुकुट घातलेला मुलगा छान दिसतो, पण डॉलर मोजत बसलेला मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमच्या मुलाबद्दलही हेच व्हायची भीती आहे. कार्यक्रम केलात तर लोक 'कसं झालं, का झालं' यावर येतील. त्यांना तिथे थांबू देऊ नका. कसं झालं ते अजिबात सांगू नका, तपशील तर नाहीच. समोर त्याच्यासारखीच पोरं बसलेली असतील आणि असले तपशील त्यांना इजा करतात. त्याऐवजी पिशवी सांगा. शक्य असेल तर काळी पिशवी टेबलावर पसरा, तो पसरायचा तशी. कोणत्या मुलाचा कोणता फॉर्म भरला ते सांगा, नाव न घेता. अठरा पूर्ण झाल्यावर तुमच्या राज्यात एकविसाव्या वर्षापर्यंत फॉस्टर केअरमध्ये राहता येतं, पण शिक्षण चालू हवं किंवा महिन्याला किमान 80 तासांचं काम हवं, अशा अटी असतात. हे अठरा वर्षांच्या पोराला कोण समजावून सांगतं? तो सांगत होता. त्याचं स्मारक करायचंच असेल तर ते इथून सुरू होतं. सेसो ही फॉस्टर केअरमधून आलेल्या तरुणांचीच संघटना तुमच्या राज्यात आहे, त्यांना फोन करा. सुटकेसा जमवायच्या असतील तर त्याही जमवा, फक्त आधी त्या मुलांना विचारा, काय हवंय. मोठ्यांनी परस्पर ठरवलेल्या भेटींचा त्यांना कंटाळा असतो.

आणि तो एकटा नव्हता. लॉस एंजेलिस काउंटीत फॉस्टर केअरमधल्या 12 ते 21 वयाच्या मुलांचा एक अभ्यास झाला होता, 2014मध्ये आला. साधारण पाचातलं एक मूल एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे होतं. घर सोडावं लागतं त्यात घरच्यांनी न स्वीकारणं हेही एक कारण असतं. इथे भारतातल्या वाचकांसाठी थांबते, कारण 'म्हणजे अनाथ का?' हा प्रश्न येणारच. नाही. फॉस्टर केअरमधल्या बहुतेक मुलांचे आईबाप हयात असतात. कोर्ट मुलाला तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवतं. हे 'तात्पुरतं' कधीकधी सगळं बालपण खातं. आपल्या सरकारी मराठीत याला प्रतिपालकत्व म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण कचऱ्याच्या पिशवीत भरलेलं सामान त्यातून ऐकू येत नाही.

आता दगडाचं. तो दगड त्याच्या नातेवाइकांच्या हातात आहे, कायद्यानेही. तिथे जाऊन भांडू नका. एक तर हरण्याची शक्यता जास्त, दुसरं म्हणजे त्या आईलाही मूल गेल्याचं दुःख आहेच. चुकीच्या नावाने रडणारी आईसुद्धा रडतच असते. तुमच्याकडे नाव आहे, तुम्ही ते वापरा.

आपल्याकडे याची सोय आहे, तुम्हाला आठवतेय का पाहा. तर्पणात बाप, आजा, पणजा झाले की शेवटी पाणी सोडतात ते जे आपले बांधव नाहीत त्यांनाही, आणि जे दुसऱ्या कुठल्या जन्मात बांधव होते त्यांनाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. ज्याने कोणी हे रचलं त्याला संबंध नसलेल्या माणसांची काळजी होती, एवढं नक्की. तेव्हा नवरोबांनी 'आपला काय संबंध' म्हटलं की सांगा, संबंध नसलेल्यांचीच जागा आहे ती. सर्वपित्रीला एक पान त्याच्यासाठी वाढा. नाव त्याने घेतलेलं घ्या, गोत्र काश्यप. कर्मकांड मानत नसाल तर नुसतं वाढा. त्याला काय आवडायचं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पानात ते हवं, आळूचं फदफदं नको.

मंडळात चर्चा होईल. होऊ दे. मंडळात गणपतीच्या वर्गणीवरही चर्चा होते. ज्यांना यायचंय त्यांनाच बोलवा, दहा माणसं पुरे. नवऱ्यावर जबरदस्ती नको, पण त्यांना खुर्च्या मांडायला सांगा. आमच्या घरातल्या पुरुषांना दुःख नुसतं सांगून कळत नाही, काम दिलं की कळतं. तुमच्याकडे वेगळं असेल तर माफ करा.

तुमच्याबद्दलही काळजी आहे. झोप लागत नसेल, कामावर लक्ष लागत नसेल, किंवा आपणही नसावं असं क्षणभर जरी वाटलं, तर 988 ला, तुमच्या अमेरिकेतल्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला, फोन करा. कोणी गेल्याचं दुःख झालेल्यांसाठीही तो नंबर आहे, तो फक्त शेवटच्या क्षणाचा नाही. भारतातल्या वाचकांसाठी टेलिमानस ही तशीच हेल्पलाइन, 14416, तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या कार्यक्रमात 988 चा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. आणि स्वयंसेवकाचं काम इतक्यात सोडू नका. थोडे महिने नवी केस घेऊ नका, एवढंच.

राहिला डबा. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. डिसेंबरात, म्हणजे तुम्ही दिवाळीला नाही म्हटल्यानंतर, त्याने डबा धुतला, दुकानात जाऊन पाकीट घेतलं, आत ठेवलं, झाकण लावलं आणि तुमच्याकडे आणून दिलं. रागावलेला माणूस डबा ठेवून घेतो, नाहीतर रिकामा पाठवतो.

पाकिटावर तारीख असेल. ती उलटायच्या आत फोडा. सासूबाईंना पॉपकॉर्न चालतं ना?

– मावशी