शिक्षणामुळे गरीब देशांची आर्थिक वाढ होते, की आर्थिक वाढ झाली म्हणून शिक्षण वाढतं?

दोन्ही होतं. पण शिक्षण म्हणजे शाळेत काढलेली वर्षं असं धरलं, तर हिशेब जुळत नाही. मी नाशकात कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते आणि घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे, म्हणून बागेपासूनच सुरुवात करते.

युरोपला माल पाठवायचा तर प्लॉटची नोंदणी लागते. कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं हे लिहून ठेवावं लागतं, काढणीआधी फवारणी किती दिवस थांबवायची ते पाळावं लागतं आणि शेवटी रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशांची, तपासणी होते. 2010 साली इथले कंटेनर युरोपात अडकले, कारण मण्यांमध्ये सीसीसी या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. तेव्हापासून लेबलवरचा बारीक मजकूर वाचणं आणि लिटरला इतके मिली तर अख्ख्या टाकीला किती, हे गणित बिनचूक करणं याला थेट पैशात किंमत आली. तोच शेतकरी आजोबांच्या पद्धतीनं नुसती बाजरी करत असता, तर सातवी पास असण्यानं त्याच्या उत्पन्नात फारसा फरक पडला नसता.

हे फक्त आमच्या तालुक्याचं निरीक्षण नाही. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी 1996 मध्ये भारतातल्या हरितक्रांतीच्या काळाचा अभ्यास मांडला. जिथे जास्त उत्पादन देणाऱ्या नव्या बियाण्यांचा फायदा मोठा होता, तिथे प्राथमिक शिक्षण झालेल्या शेतकऱ्यांचा नफा इतरांपेक्षा जास्त वाढला. जिथे नवीन काही आलंच नाही, तिथे शिक्षणाचा मोबदला तुटपुंजा राहिला. आणि जिथे फायदा दिसला तिथे लोकांनी मुलांना जास्त संख्येनं शाळेत घातलं. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही दिशा इथे एकत्र दिसतात.

शिक्षणानं कमाई खरंच वाढते, की ऐपत असलेल्यांचीच मुलं शिकतात आणि तीच पुढे कमावतात, ही शंका रास्त आहे. तिचं सर्वांत चांगलं उत्तर इंडोनेशियातून मिळतं. तिथल्या सरकारनं तेलाच्या पैशातून 1973 नंतरच्या काही वर्षांत 61 हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, त्याही जिथे मुलं शाळेबाहेर होती तिथे जास्त. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी एकाच भागातली दोन वयाची माणसं ताडून पाहिली: शाळा आली तेव्हा लहान असलेली, आणि तोवर शाळेचं वय उलटून गेलेली. ज्यांना शाळा मिळाली ती जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची मजुरीही वाढली.

मग देशाच्या पातळीवर हेच का दिसत नाही? अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी 2001 मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून दाखवलं, की शालेय वर्षं झपाट्यानं वाढलेल्या देशांत दरडोई उत्पादन त्या प्रमाणात वाढलं नाही. मला यामागची दोन कारणं सर्वांत जास्त पटतात.

पहिलं, शाळेत जाणं म्हणजे शिकणं नव्हे. हनुशेक आणि वोसमन या अर्थतज्ज्ञांच्या मांडणीत वाढीशी खरा संबंध मुलांना प्रत्यक्ष काय येतं याचा लागतो. ते लक्षात घेतल्यावर नुसत्या वर्षांचं वजन जवळजवळ संपतं. आपल्याकडे मुलांचं वाचन आणि गणित तपासणारी असरची पाहणी वर्षानुवर्षं सांगते आहे, की ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो. शिक्षणाचा हक्क 2010 पासून कायद्यानं लागू आहे, पट भरला आहे, आणि तरी ही स्थिती आहे. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण हीच मुलं पुढे माझ्या वर्गात येतात आणि टक्केवारी काढताना अडतात.

दुसरं, शिकलेल्यांना घेणारं काम हवं. दक्षिण कोरियात 1960 नंतर शाळा आणि निर्यात करणारे कारखाने बरोबरीनं वाढले. आपल्याकडे पदवीधरांमधली बेरोजगारी निरक्षरांपेक्षा जास्त आहे. नाशकातल्या अभ्यासिकांमध्ये पंचविशीतली हुशार मुलं मोजक्या सरकारी जागांसाठी वर्षानुवर्षं बसून असतात. दुसरीकडे इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना ड्रॉइंग वाचून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन चालवणारं माणूस लागतं. आयटीआयला दुय्यम मानण्याची आपली सवय देशाला महागात पडते आहे.

म्हणून पैसा कमी असलेल्या देशानं आधी कशावर खर्च करावा, असं विचाराल तर मी म्हणेन: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे. नवी विद्यापीठं त्यानंतर. आमच्या भागापुरतं सांगायचं तर पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी तालुक्यांतून द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला मजूर कुटुंबं दिंडोरी-निफाडला उतरतात, काही काढणीपर्यंत राहतात आणि अनेकांची मुलंही बागेवरच असतात. नेमक्या त्या महिन्यांत त्यांची शाळा सुटते. त्यांच्या मूळ गावातच हंगामी वसतिगृह नीट चाललं तर आईवडील मुलांना मागे ठेवायला तयार होतात. तो खर्च एखाद्या नव्या इमारतीच्या मानानं फार थोडा आहे, आणि माझ्या मते जिल्ह्यात सर्वांत जास्त परतावा त्यातूनच मिळेल.